डबल बासच्या तारा निवडताना

सिंफनी ऑर्केस्ट्राचा खर्ज डबल बास सांभाळतो. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात चेलो आणि बास एकदम भरधाव सुटतात. तिथे गज टेकताक्षणी स्वर बोलला नाही, तर ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू येते. याचा दोष नेहमी हाताचाच असतो असे नाही, पुष्कळदा तो तारेचा असतो.

बासच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा लावतात. शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. ई तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, जी तार 98 वेळा. लांबी मात्र चारही तारांची सारखीच, साधारण 104 ते 106 सेंटिमीटर. तेवढ्याच लांबीत स्वर खाली न्यायचा तर तार जड करावी लागते. पण नुसती जाड सळई ताणली तर ती ताठ होते आणि तिचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. म्हणून आत लवचिक गाभा आणि त्यावर धातूची घट्ट गुंडाळी, अशी तार घडवतात.

तारेचा स्वभाव मुख्यतः गाभ्यावर ठरतो. पूर्वी आतड्याची तात वापरत. तिचा नाद उबदार असतो, पण हवेतला ओलावा बदलला की ती उतरते-चढते. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात तिला स्वरात ठेवणे कठीणच. विसाव्या शतकात पोलादी गाभा रूढ झाला, आणि आज ऑर्केस्ट्रात बहुतेक ठिकाणी तोच दिसतो. कृत्रिम धाग्याचा गाभा या दोन्हींच्या मधला: तातीची ऊब बरीचशी देणारा आणि हवामानाला कमी बधणारा.

पोलादी तारांतही फरक असतो. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डची स्पिरोकोर बोटाने छेडली की तिची आस लांबवर टिकते, म्हणून जाझवाल्यांना ती प्रिय आहे. गजाखाली मात्र, विशेषतः नवी असताना, ती थोडी खरखरते. जर्मनीच्या पिरास्त्रोची फ्लेक्सोकोर गजासाठीच घडवलेली आहे. तिचा स्वर चटकन सुरू होतो आणि शेजारच्या वादकांच्या स्वरात मिसळतो. ऑर्केस्ट्रात बहुतेक काम गजाचे असल्याने आधी गजाचा प्रतिसाद पाहावा, आस नंतर.

मग ताण. पाकिटावर हलकी, मध्यम किंवा भारी असा प्रकार दिलेला असतो. भारी तार जोरकस वाजते, पण जास्त ताणाने वाद्याची वरची फळी दबून नाद कोंडूही शकतो. मुळातच घुसमटलेल्या वाद्याला हलकी तार लावून पाहावी. सुरुवात मध्यमपासून करणे उत्तम.

पाकिटावर ‘सोलो’ लिहिले आहे का, हे नक्की पाहा. एकल वादनासाठी बास एक पूर्ण स्वर चढवून लावतात, म्हणून त्या तारा पातळ असतात. त्या ऑर्केस्ट्राच्या स्वरात उतरवल्या की ढिल्या पडतात. उलट ऑर्केस्ट्राच्या तारा चढवल्या तर वाद्यावरचा ताण वाढतो. खालच्या सीपर्यंत जाणारी जोडपट्टी वाद्याला असेल, तर त्यासाठीची खास लांब तार मागावी.

तारा बदलताना एका वेळी एकच काढावी. चारही तारा एकदम सोडल्या तर घोडी निसटते आणि आतला साउंडपोस्ट पडू शकतो, कारण तो चिकटवलेला नसतो, दाबानेच उभा असतो. तार बसवण्यापूर्वी घोडीच्या आणि वरच्या पट्टीच्या खाचांत मऊ पेन्सिल फिरवा. शिशामुळे तार न अडकता सरकते. तार चढवताना घोडीचा माथा खुंट्यांकडे झुकतो, म्हणून अधूनमधून बाजूने पाहून तो दोन्ही हातांनी हळूच मागे सरळ करावा.

नवी तार ताणून स्थिरावायला काही दिवस लागतात, तेव्हा ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लावू नका. पहिल्या तासातच तिच्याबद्दल मतही बनवू नका. पुष्कळ वादक चारही तारा एकाच जातीच्या न ठेवता मिसळतात, त्यात गैर काही नाही. खर्च करण्याआधी जमल्यास दुसऱ्याच्या वाद्यावर ती तार स्वतःच्या गजाने वाजवून पाहा आणि कुणाला तरी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसवून ऐकायला सांगा. बासचा खर्ज वादकाच्या कानाशी वेगळा वाटतो आणि दूरवर वेगळा. निवड करताना मागच्या रांगेतल्या कानाला जास्त मान द्यावा.