एसी आहे, पण रात्री बंद!

नवतपा सुरू झाला की नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत वरच्या मजल्यावरच्या घरांत एक चित्र हमखास दिसते. मुलाने आईच्या खोलीत एसी बसवलेला असतो. आई तो झोपताना तासभर लावते आणि बंद करते. ‘‘आई, एसी कशाला बंद केलास?’’ असे विचारले की उत्तर ठरलेले, ‘‘मागच्या महिन्याचं बिल पाहिलंस का?’’

काटकसर चांगलीच, पण ही काटकसर शरीराला महाग पडू शकते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. उकाड्यात शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवते, त्यामुळे हृदयाचे काम वाढते. हा ताण रात्री उतरायला हवा. गाढ झोपेसाठीही शरीराचे आतले तापमान थोडे कमी व्हावे लागते. खोली तापलेलीच राहिली, तर ना झोप लागते, ना हृदयाला उसंत मिळते.

उतारवयात घाम कमी येतो, तहानही उशिरा जाणवते. हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार असतील तर धोका आणखी वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते, तर मानसिक आजारांवरील काही औषधांनी घाम कमी येतो. ही औषधे मनाने बंद करू नयेत. उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मग कूलर पुरत नाही का? कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. परंतु जूनमध्ये हवा दमट झाली, की कूलरचे पाणीही नीट उडत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. एसी हवा थंड करतो आणि तिच्यातला दमटपणाही काढतो.

प्रश्न उरतो बिलाचा. एसीवरच्या स्टार लेबलवर ‘आयएसईईआर’ हा आकडा असतो. हंगामभरात खोलीतून किती उष्णता काढली आणि त्यासाठी किती वीज लागली, याचे ते गुणोत्तर. हा आकडा ४ ऐवजी ५ असेल, तर तेवढ्याच गारव्यासाठी वीज एक पंचमांश कमी लागते. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे प्रत्येक युनिट महाग होते. त्यामुळे वाचतात ती महागडी युनिटे. जास्त स्टारचा एसी घेताना महाग वाटतो. पण रोज रात्री लावायचा असेल, तर फरक हळूहळू भरून निघतो. शिवाय असा एसी बाहेर उष्णता थोडी कमी फेकतो. शेजारच्या खिडकीत एसी नसेल, तर त्या घरालाही तेवढाच दिलासा.

अर्थात, चांगला एसी १८ अंशांवर लावला तर बचत संपते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की एसी २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. त्यामुळे खोली सुमारे ४ अंशांनी अधिक गार भासते. जाळी वेळोवेळी धुवावी, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, दुपारी पडदे ओढावेत. सकाळी गार वेळी खिडक्या उघडून खोलीत ताजी हवा घ्यावी.

उकाड्यात कोणी असंबद्ध बोलू लागले, भोवळ येऊन पडले किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये.

घरात एसी एकच असेल, तर तो वडीलधाऱ्यांच्या खोलीत असावा. आणि मुलाने आईला एकदा हिशेब मांडून दाखवावा, म्हणजे तिचा हात मध्यरात्री रिमोटकडे जाणार नाही.