मागच्या चाकांचा ब्रेक

बीदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात आले, तर भालकी, औराद, हुमनाबाद हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. राज्याची सीमा आखली गेली, परंतु बाजारपेठा आणि सोयरिकी त्या सीमेने तुटल्या नाहीत. औरादचे सोयाबीन उदगीरला येते, आळंदची तूर कलबुर्गीच्या बाजारात उतरते, आणि गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणारा मराठी यात्रेकरूंचा ओघ वर्षभर चालू असतो. या साऱ्या वाहतुकीचा मोठा भार आज पिकअप या लहान मालमोटारीवर आहे.

या गाड्यांच्या अड्ड्यांवर एक वाक्य सहज कानी पडते : ‘ब्रेक ठीक आहे, दोनदा दाबला की लागतो.’ हे वाक्य जितके निर्धास्तपणे बोलले जाते, तितकेच ते घातक आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर, म्हणजे ४५ फूट, पुढे जाते. पेडल दुसऱ्यांदा दाबण्यास एक सेकंद लागला, तर तेवढी ४५ फुटांची वाट ब्रेकाविना कापली गेली असाच त्याचा अर्थ होतो. रस्त्यात अचानक आलेली बैलगाडी किंवा शाळेतून परतणारे मूल यांना हे ४५ फूट कोठून मिळावेत?

पेडल दोनदा का दाबावे लागते, हे समजण्यासाठी ब्रेकाची रचना पाहिली पाहिजे. बहुतेक पिकअप गाड्यांना पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांवर ड्रम ब्रेक असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे पसरट भांडे. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो याने हा प्रकार प्रचारात आणला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. त्यांच्या पाठीवर घर्षणासाठी लायनर बसविलेले असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम. त्यानुसार तो दाब नळीवाटे मागील व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो, त्यातील दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमच्या आतील बाजूस घासू लागतात. पेडल सोडताच स्प्रिंगा शूंना मागे ओढून घेतात.

घर्षणाने गाडीचा वेग नाहीसा होतो, परंतु त्या वेगातील शक्ती नष्ट होत नाही; तिची उष्णता होते. एकूण तीन टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर ब्रेकांमध्ये जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळीस येईल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. बीदरचे जांभ्या दगडाचे पठार दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे, तर कलबुर्गी सुमारे दीड हजार फुटांवर. पठाराच्या कडेवरून उतरताना भरलेल्या गाडीचा चालक पेडलावर पाय ठेवूनच गाडी उतरवीत राहिला, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड मंदावते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळू लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ जातीचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ मात्र दबते. मग पेडल सरळ तळाशी जाते. म्हणून उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये ठेवावी आणि ब्रेक ऑइल कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे. त्यात इंजिन ऑइलासारखे खनिज तेल चुकूनही घालू नये. त्याने सिलिंडरमधील रबरे फुगून निकामी होतात.

दोष ओळखण्याचे काम पाना हाती घेण्यापूर्वीच सुरू होते. पेडल खोल जाते, परंतु दोन-तीनदा दाबताच वर येते, तेव्हा बहुधा लायनर झिजून शू आणि ड्रम यांच्यामधील अंतर वाढलेले असते, किंवा ते अंतर आपोआप कमी करणारा ॲडजस्टर धुळीने आणि गंजाने जाम झालेला असतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळ्यांत हवा शिरली आहे असे समजावे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर कोठेतरी गळती आहे, अथवा मास्टर सिलिंडरमधील रबर आतल्या आत दाब सोडीत आहे. ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरले, तर ड्रमची गोलाई बिघडल्याचा संशय घ्यावा. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला, म्हणजे लायनर संपून रिबिटा ड्रमला चरे पाडीत आहेत.

प्रवास संपल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहावा. स्पर्श मात्र करू नये. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा फार तापलेला असेल, तर तेथे शू मागे सरकत नाहीत. हँडब्रेकची केबल अडकणे किंवा स्प्रिंग ढिली पडणे ही त्याची नेहमीची कारणे होत. टायरच्या आतील बाजूस ओल दिसली, तर ती कशाची हे आधी ठरवावे. घट्ट, उग्र वासाचे तेल असेल तर ते ॲक्सलचे ऑइल सील फुटून आलेले असते. पातळ असेल आणि रंग खात असेल तर ते व्हील सिलिंडरमधून गळणारे ब्रेक ऑइल होय. हा भेद न करता केवळ लायनर बदलले, तर नवे लायनरही थोड्याच दिवसांत तेलात भिजून वाया जाते.

ड्रम ब्रेक झाकलेला असतो, हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. पठारावरची तांबडी धूळ व खालच्या मुलखातील काळ्या मातीचा चिखल यांपासून तो काहीसा सुरक्षित राहतो. पण आत काय झिजले हे बाहेरून दिसत नाही. तो उघडण्यासाठी गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करावी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडांची उटी द्यावी आणि हँडब्रेक सोडावा. जॅकने मागचा भाग उचलल्यावर ॲक्सलखाली घोडी लावल्यावाचून खाली हात घालू नये. ड्रम निघत नसेल तर हातोड्याने ठोकण्यापूर्वी ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावेत. एका वेळी एकच बाजू उघडावी; स्प्रिंगांची मांडणी विसरली, तर दुसरी बाजू नमुन्यादाखल शाबूत राहते.

आत साचलेली भुकटी फुंकून किंवा हवेच्या नळीने उडविण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती सर्वस्वी टाकून दिली पाहिजे. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुफ्फुसांत गेल्याने कर्करोग होऊ शकतो. गॅरेजात पाने पुसणारा पोरगाही ती धूळ श्वासाबरोबर घेत असतो. भुकटी साबणाच्या पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

यानंतर एकेक भाग तपासावा. व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट अलगद उचलून पाहावे. आत ऑइल साचलेले दिसल्यास सिलिंडर दुरुस्त करावा अथवा बदलावा. उष्णतेने रंग उडालेल्या किंवा ताणलेल्या स्प्रिंगा पुन्हा वापरू नयेत. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो; चरे घालविण्यासाठी ड्रम लेथवर कातून घेताना तो आकडा ओलांडला जाणार असेल, तर ड्रम बदलणे हाच मार्ग. तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसविणे ही काटकसर नव्हे. लायनर नेहमी दोन्ही मागच्या चाकांचे एकदम बदलावेत. एक चाक पकडते आणि दुसरे पकडत नाही, अशा स्थितीत ओल्या रस्त्यावर गाडीची पाठ फिरते.

जोडणी झाल्यावर ॲडजस्टर असा फिरवावा की चाक हाताने फिरविताना लायनर किंचित घासल्याचे जाणवेल. मग तो थोडा मागे घ्यावा. हँडब्रेकची केबल त्यानंतरच ताणावी. आधी केबल ताणली, तर शूंमधील खरे अंतर झाकले जाते. शेवटी हवा काढावी. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बुडबुडे बाहेर जाऊ द्यावेत, आणि निपल बंद झाल्यावाचून पेडल सोडू नये. गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल टणक झाले पाहिजे. पहिली परीक्षा मोकळ्या जागी, रिकाम्या गाडीवर आणि अल्प वेगात घ्यावी.

इतके करूनही भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक दुबळे राहिले, तर आणखी एका जागी पाहावे लागते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकाचा दाब भाराप्रमाणे कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी रिकामी असता मागची चाके हलकी असतात आणि ती लवकर जाम होऊन घसरतात. म्हणून हा व्हॉल्व्ह त्यांचा दाब कमी ठेवतो. माल भरला की गाडीची चौकट ॲक्सलच्या दिशेने खाली येते, त्यावरून व्हॉल्व्हला भार समजतो आणि तो दाब वाढवितो. आता, जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत जादा पाटे घातले, तर चौकट पुरेशी दबत नाही. गाडीवर बोजा दीडपट असतो, परंतु व्हॉल्व्हच्या लेखी ती जवळजवळ रिकामीच असते! नेमका अधिक ब्रेक हवा तेव्हा तो कमी मिळतो. जादा पाटे काढून, भार ठरलेल्या मर्यादेत ठेवून व्हॉल्व्हची दांडी पुस्तिकेप्रमाणे लावल्यावाचून हा दोष जात नाही. लायनर कितीही बदलले तरी नाही.

तुरीच्या हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवणे मालकाच्या जिवावर येते. भाडे बुडते, हप्ता मात्र चुकत नाही. ही अडचण खोटी नव्हे. परंतु उघडून पाहिलेल्या ब्रेकाचा खर्च आधी ठाऊक असतो. न उघडलेल्या ब्रेकाचा खर्च किती व्हावा आणि तो कोणी भरावा, हे रस्ता ठरवितो. पुष्कळदा तो ज्यांनी गाडीचे भाडेही घेतलेले नसते त्यांना भरावा लागतो. म्हणून ‘दोनदा दाबला की लागतो’ हे शब्द ज्या दिवशी तोंडी येतील, त्याच दिवशी गाडी गॅरेजाकडे वळवावी.