सोनोग्राफीत मुलाच्या पोटात ‘गाठी’ दिसल्या? टीबीची औषधं सुरू करण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : मूल दोन-तीन दिवस बेंबीभोवती दुखतंय म्हणून रडतं. ओवा देऊन होतो, बेंबीला हिंग लावून होतो. शेवटी दवाखाना आणि मग सोनोग्राफी. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते, ‘मेझेंटेरिक लिम्फ नोड्स वाढलेले’. घरी येईपर्यंत त्याचं ‘पोटात गाठी झाल्यात’ असं होतं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी टीबीचं नाव घेतं, कुणी कॅन्सरचं. बहुतेक मुलांच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. मात्र काही लक्षणांकडे दुर्लक्ष करणंही महागात पडू शकतं. या दोन्हींतला फरक समजून घेऊया.

‘गाठी’ म्हणजे नेमकं काय?

या लसिका ग्रंथी आहेत. त्या नव्याने तयार होत नाहीत, प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून असतात. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात त्यांची रांग असते. पाण्याच्या लाइनवरच्या फिल्टरसारखं त्यांचं काम चालतं. आतड्यातून आलेले जंतू त्या अडवतात आणि पांढऱ्या पेशी तिथेच त्यांच्याशी लढतात. लढाई सुरू झाली की ग्रंथी सुजतात. घसा दुखताना जबड्याखाली अवधाण येतं, तसाच हा प्रकार.

मुलांमध्ये रोगप्रतिकारशक्ती नवनव्या जंतूंना ओळखत असते. त्यामुळे पोटाची कुठलीही तक्रार नसलेल्या अनेक मुलांच्या तपासणीतही या ग्रंथी दिसतात.

रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा?

रिपोर्टमध्ये ‘१४ बाय ७ मिमी’ अशी दोन मापं असतात. त्यातलं लहान माप महत्त्वाचं. ते साधारण ८ मिलिमीटरपर्यंत असेल तर मुलांमध्ये सहसा सामान्य मानलं जातं. म्हणजे वरच्या उदाहरणात १४ हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. आकारापेक्षाही ग्रंथीचं रूप जास्त सांगतं. ग्रंथी एकमेकींना चिकटल्या आहेत का, आतून पू झाल्यासारख्या दिसतात का, पोटात पाणी आहे का, आतड्याची भिंत जाड झाली आहे का, हे डॉक्टर पाहतात.

ग्रंथी का सुजतात?

● विषाणू : सर्वांत जास्त आढळणारं कारण. सर्दी, घसा, ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांत पोट दुखू लागतं. घशाच्या संसर्गात मुलांचं पोट का दुखतं, हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनमन यांनी १९२१ मध्येच मांडलं होतं.

● जिवाणू : दूषित पाणी किंवा अन्नातून होणारा संसर्ग, टायफॉइड.

● टीबी : भारतात हे कारण विसरता येत नाही, पण त्याची इतर लक्षणंही असतात.

● क्वचित : आतड्याचा दीर्घकाळचा दाह किंवा लिम्फोमासारखा कॅन्सर.

जंतांमुळेही पोट दुखतं. मात्र फक्त ग्रंथी दिसल्या म्हणून वारंवार जंताचं औषध देण्यात अर्थ नाही.

मग टीबी कधी समजायचा?

केवळ सोनोग्राफीवरून टीबी ठरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, वजन घटणं किंवा न वाढणं, पोट फुगणं, घरात टीबीचा रुग्ण असणं, अशा गोष्टी असतील तर तपास पुढे न्यायचा. मांटू चाचणी पॉझिटिव्ह आली तर शरीरात टीबीचा जंतू शिरल्याचं कळतं, आजार झालाच आहे असं नाही. शक्य असेल तिथे नमुना घेऊन सीबीनॅट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर तपासणी होते.

हा आग्रह का? टीबीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो, त्यात रोज अनेक औषधं घ्यावी लागतात आणि त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. आजारच नसताना मुलाने ते का सोसायचं? उलट टीबी खरंच असेल तर उपचार अर्धवट सोडून चालत नाही. सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे.

या लक्षणांत सकाळची वाट पाहू नका

ग्रंथींचं दुखणं आणि अपेंडिक्सचं दुखणं सुरुवातीला सारखंच वाटतं. खरा धोका इथे आहे.

● बेंबीजवळचं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकणं आणि वाढत जाणं

● चालताना, उडी मारताना, खोकताना जास्त दुखणं

● हिरवी उलटी किंवा सतत उलट्या

● पोट दगडासारखं कडक होणं

● शौचात रक्त, विशेषतः दोन वर्षांखालच्या बाळाला जेलीसारखी लाल शी होणं

● मूल सुस्त पडणं, लघवी कमी होणं

अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका. मंडणगड, दापोली, राजापूरच्या वाड्यांमधून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो. त्यामुळे रात्रीच १०८ ला फोन करा. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय आणि चिपळूण तालुक्यातलं डेरवणचं वालावलकर रुग्णालय ही जिल्ह्यातली मोठी ठिकाणं आहेत.

उपचार काय?

विषाणूमुळे सुजलेल्या ग्रंथींना वेगळं औषध लागत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, हलकं जेवण आणि डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल पुरतं. अँटिबायोटिकची गरज प्रत्येकाला नसते. दुखणं सहसा एक ते चार आठवड्यांत थांबतं. सूज उतरायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून मूल खेळत-खात असेल, वजन वाढत असेल, तर दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करण्याची गरज नसते. महिन्याने पुन्हा डॉक्टरांना दाखवा आणि वजनाची नोंद सोबत न्या.

पावसाळ्यात काय जपाल?

कोकणात पाऊस सुरू झाला की वरून वाहून आलेलं पाणी विहिरीत उतरतं. विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करा. पाणी उकळूनच प्यायला द्या. दूधही न उकळता देऊ नका. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय लावा.

‘पोटात गाठी आहेत’ असं कुणी सांगितलं तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : लहान माप किती आहे? टीबीचं आणखी कुठलं लक्षण आहे का? अपेंडिक्स नीट दिसलं का?