खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ : औषधाआधी पाणी तपासा

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, ते समुद्राला लागूनच. जालना जिल्ह्यातील अंकुशनगरात मात्र समर्थ सहकारी साखर कारखाना आणि भोवती ऊस. इथे खाऱ्या पाण्याचे मासे ठेवायचे तर समुद्र घरीच तयार करावा लागतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हे त्याचे प्रमाण. यासाठी बाजारात तयार सागरी मीठ मिळते; जेवणातले मीठ चालत नाही.

मीठ उत्तम असूनही शेवाळ माजते, त्याचे कारण अनेकदा पाण्यात असते. शेतातल्या युरियाचे नायट्रेट जमिनीत मुरून बोअरमध्ये उतरू शकते, आणि तेच शेवाळाचेही खत. उन्हाळ्यात टाकीतून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार व नायट्रेट मागेच राहतात. घट भरायला पुन्हा बोअरचेच पाणी ओतले, तर रोज खत टाकल्यासारखे होते. म्हणून मीठ मिसळायला आणि घट भरायला आरओचे पाणी घ्यावे. घट भरताना मीठ घालू नये. पिण्याच्या जारमध्ये चवीसाठी साधे पाणी मिसळलेले असू शकते. टीडीएस मीटर शून्याजवळ आला तरच ते घ्यावे.

शेवाळाची ओळख अशी :

तपकिरी भुकटी – नव्या टाकीत येते, पुसली की निघते, बहुधा काही आठवड्यांत थांबते.

हिरवे केस – हाताने उपटावे, खाद्य कमी करावे, दिवा आठ तासांवर ठेवू नये.

लाल बुळबुळीत पापुद्रा – हे शेवाळ नव्हे, जीवाणू आहेत. नळीने ओढून काढावा, पाण्याचा प्रवाह वाढवावा.

हिरवे फुगे – न फोडता अख्खे काढावेत; फुटले तर पसरतात.

तांबेयुक्त औषध टाकीत ओतू नये. त्याने गोगलगायी, झिंगे व प्रवाळ मरतात, आणि नायट्रेट तसेच राहते.

दुकानदार बंधूंनी टाकी विकतानाच ही माहिती द्यावी. मालातील दोष झाकून विकू नये, ही आपल्या व्यापाराची शिकवणच आहे. बाटलीमागून बाटली विकण्यापेक्षा मीटरने तपासलेले आरओ पाणी कॅनने द्यावे. गिऱ्हाईकाचे मासे जगतील, तो दर महिन्याला परत येईल, आणि त्या कमाईत बरकतही राहील.