बडोद्याचं वार्षिक प्रदर्शन सगळ्यांसाठीच

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा 1950 मध्ये सुरू झाली. चित्रकला शिकवायला ना. श्री. बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधरी. चित्रकार ज्योती भट्ट आणि गुलाम मोहम्मद शेख याच आवारातले विद्यार्थी. इथल्या वार्षिक प्रदर्शनाकडे अनेक जण हौशी मुलांचा मेळावा म्हणून बघतात, आणि तिथेच चूक होते. वर्षभराचं काम भिंतीवर लावायचं, परीक्षकांनी ते तपासायचं आणि बाहेरच्यांनीही बघायचं, असा हा शिक्षणाचाच भाग आहे. दोन चित्रांत किती अंतर सोडायचं, उजेड कुठून घ्यायचा, काय वगळायचं, हे मांडणी करतानाच उमगतं. (वगळणं सगळ्यांत अवघड!)

कच्चं काम लोकांना कशाला दाखवायचं, असा आक्षेप असतो. पण विक्रीच्या गॅलरीत पिकलेलंच दिसतं. चित्रकार अजून चाचपडतोय, हे बघायला मिळतं ते इथेच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: बाहेरच्यांना आत घेतलं की वाद पेटू शकतो. मे 2007 मध्ये इथल्याच परीक्षेसाठी लावलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामावरून गोंधळ झाला, त्याला अटक झाली आणि त्याच्या पाठीशी उभे राहिलेले प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. म्हणून दारं बंद करावीत? मला उलट वाटतं. नेहमी येणारा, प्रश्न विचारणारा प्रेक्षक जितका जास्त, तितकं अशा कामाला एकटं पाडणं कठीण. बडोद्याला जमत नसेल, तर आपल्या गावातल्या कला महाविद्यालयाचं प्रदर्शन कधी असतं ते विचारा, आणि जाऊन या.