गंधाने ओळखावयाची बाग

सार्वजनिक उद्यान म्हटले म्हणजे हिरवळ, क्रोटनच्या रंगीत पानांची रांग आणि मध्यभागी कारंजे असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे सारे पाहण्यासाठी आहे. ज्यांची दृष्टी अधू झाली असे वृद्ध, अंध व्यक्ती, किंवा स्पर्शानेच जगाची ओळख करून घेणारी मुले यांच्या वाट्यास त्यातून फारसे काही येत नाही. पेण व रोहे येथील उद्यानांत झाडांची निवड करताना याचा विचार अवश्य व्हावा.

गंध, स्पर्श, नाद व चव यांस प्राधान्य देऊन लावलेल्या बागेस संवेदन-उद्यान म्हणता येईल. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन वनस्पती उद्यानात अंधांसाठी अशी सुगंधी बाग १९५५ साली तयार झाली. दिल्लीस पंचेंद्रियांचे उद्यान २००३ साली खुले झाले. झाडांच्या सान्निध्याचा रुग्णांवर होणारा परिणामही अभ्यासला गेला आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या २३ रुग्णांस खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्या तितक्याच रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांस तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे रॉजर उल्रिख यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. बाग म्हणजे औषध असा याचा अर्थ नव्हे. मनास विसावा मिळाला तरी पुष्कळ झाले.

दिल्लीची नक्कल करण्याचे आपणांस कारण नाही. कोकणात गंधाचे संपूर्ण पंचांगच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी, उन्हाळ्यात मोगरा व अनंत, पावसाळ्यात सोनचाफा आणि पाणथळ जागेत आपोआप फोफावणारा सोनटक्का, पुढे पारिजातक, थंडीत कुंद. बकुळीचे फूल तर सुकल्यावरही वास सोडीत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसास कोणता महिना चालू आहे हे अशा बागेत नुसत्या वासावरून कळेल. मात्र सर्व सुगंधी झाडे एकत्र लावू नयेत, वास एकमेकांत मिसळतात. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, म्हणून ती बसण्याच्या जागेच्या पश्चिमेस, अंतराअंतराने लावावीत. धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या रोहेकरांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

स्पर्शासाठी पानओव्याचे मऊ, लवदार पान आणि पारिजातकाचे खरखरीत पान शेजारी शेजारी असावे. लाजाळू मुलांस आवडते, पण तिला काटे असतात. वाळा व गवती चहा यांची पात धारदार असते, यास्तव ती वाटेपासून हातभर आत लावावीत. कण्हेर विषारी आहे. हात लावावयाच्या बागेत तिला स्थान नाही. नादासाठी पिंपळ आणि बांबू यांच्याइतके स्वस्त वाद्य दुसरे नाही.

तुळस, मरवा, सब्जा ही लहान झाडे जमिनीवर न लावता दोन-अडीच फूट उंचीच्या वाफ्यांत लावल्यास चाकाच्या खुर्चीतील माणसाचाही हात तेथवर पोचतो. आपल्याकडील मुसळधार पावसात अशा वाफ्यांतून पाण्याचा निचराही चांगला होतो. वाट पाच फूट रुंद, न घसरणारी व कडेस काठीला लागेल असा उंचवटा असलेली हवी. ज्या पानास लोक हात लावणार, चुरगळून हुंगणार, त्यावर रासायनिक कीटकनाशक मारता येणार नाही. किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा, आणि फवारणीच्या दिवशी तेवढा भाग बंद ठेवावा.

रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी १९१७ साली मिळविले होते, हे किती जणांस माहीत असेल? त्यांच्या गावी अशी बाग शोभून दिसेल.

आपल्या भागातील रोपवाटिकाधारकांचाही यात लाभ आहे. बाहेरून शोभेची रोपे आणण्याऐवजी नगरपरिषदांनी ही झाडे मागितली, तर ती येथेच तयार होऊ शकतील. मोगऱ्याची छाटे व सोनटक्क्याचे कंद सहज लागतात. सुरंगी व बकूळ सावकाश वाढतात, म्हणून त्यांची मागणी आधीच नोंदवावी आणि खड्डे मे महिन्यातच घेऊन, शेणखत व मातीने भरून ठेवावेत.