खांबावरचे हातड्रिल : जुने यंत्र पारखून घेताना

अमेरिकेच्या ग्रामीण भागात जुन्या शेतसामानाचा लिलाव होतो, तेव्हा नांगराचे फाळ आणि गंजलेल्या साखळ्या यांच्या ढिगात कधी कधी बिडाचे एक अवजड यंत्र आढळते. बाजूला फिरविण्याची मूठ, वरच्या अंगाला एक जड चाक, मध्ये उभा दंड आणि खाली काम ठेवण्यासाठी लहानसे टेबल, अशी त्याची रचना असते. हे खांबाला जखडून वापरावयाचे हातड्रिल होय. आपल्याकडील सुताराचा सामता दोरीने पुढे-मागे फिरतो. हे यंत्र एकाच दिशेने फिरते आणि ते लोखंडासाठी घडविलेले आहे.

पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील 'चँपियन ब्लोअर अँड फोर्ज' यांसारख्या कारखान्यांनी ही यंत्रे लोहारांसाठी बनविली. 'सीअर्स, रोबक' यांच्या सूचिपत्रांतून ती शेतकऱ्यांच्या घरीही पोहोचली. १९३५ साली तेथे ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना सुरू झाली, त्या सुमारास दहांतील जेमतेम एका शेतघरी वीज होती. पुढे वीज आली आणि हातड्रिल कोठाराच्या कोपऱ्यात गेले. दुसऱ्या महायुद्धातील भंगार-मोहिमांत पुष्कळ जुने लोखंड भट्टीत गेले. त्यातून वाचलेली यंत्रेच आज विक्रीस येतात.

त्यांची खरी खुबी दंड खाली सरकविण्याच्या युक्तीत आहे. मूठ फिरू लागली की तिच्या आसावरील उंचवटा एका तरफेला धक्का देतो. तरफेची खिटी माथ्यावरील दातेरी चाक एक-दोन दात पुढे ढकलते आणि त्याबरोबर दंडावरील स्क्रू किंचित खाली येतो. माणसाला दाब द्यावाच लागत नाही. पोलादात १२ मिलिमीटरचे छिद्र पाडताना विजेचे यंत्र मिनिटाला ६०० च्या आसपास फेरे घेऊ शकते. हाताने शंभरही फेरे कष्टानेच साधतात. परंतु वेग कमी म्हणून उष्णताही कमी. साध्या कार्बन-पोलादाची धार सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे नरम पडू लागते. येथे सहसा ती वेळ येत नाही आणि धारेचे पाणी टिकते. जड चाक हाताच्या जोरातील चढउतार भरून काढते.

म्हणून खरेदी करणाऱ्याने प्रथम ती खिटी आणि ते दातेरी चाक पाहावे. विक्रेता मूठ गरगर फिरवून दाखवितो, त्यावर भुलू नये. दंड खाली उतरतो की नाही हा प्रश्न आहे. नंतर प्रत्येक दंतचक्र एक पूर्ण फेरा सावकाश फिरवून दात मोजल्यासारखे तपासावेत. बिडाचा तुटलेला दात पुन्हा बसविणे हे कुशल कारागिराचे काम असून त्याची मजुरी यंत्राच्या किमतीहून अधिक होऊ शकते. सांगाड्यावर लहान हातोडीने हलकेच ठोकावे : खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव आहे. ताजा रंग दिलेल्या यंत्राविषयी विशेष सावध असावे, कारण भेगा बुजविण्यास रंगासारखे स्वस्त साधन दुसरे नाही. दंड वाकला आहे का, हे चकमध्ये सरळ सळई धरून फिरविल्यास लगेच कळते.

गंजाचे भय मात्र फारसे बाळगू नये. पुष्कळदा घट्ट बसलेले यंत्र गंजलेले नसून वाळलेल्या वंगणाने चिकटलेले असते. तेलाची भोके मोकळी करून रॉकेलात भिजविल्यास ते सुटते. आसाची भोके झिजून मोठी झाली असतील, तर ती रुंद करून त्यांत पितळी बुश बसविता येते. मूठ किंवा चाक हरवलेले असेल, तर त्याच घडणीचे दुसरे मोडके यंत्र शोधणे हाच बहुधा व्यवहार्य मार्ग ठरतो. त्यासाठी बिडात ओतलेला क्रमांक टिपून ठेवावा.

शेवटी चक. अनेक जुन्या यंत्रांत तीन जबड्यांचे चक नसते. अर्धा इंच व्यासाचे साधे भोक आणि बाजूने आवळण्याचा एक स्क्रू एवढेच असते. अशा यंत्रात अर्ध्या इंचाची मान असलेली मोठी ड्रिले सरळ बसतात आणि ती आजही बाजारात मिळतात. काहींचे भोक मात्र एका इंचाच्या एकेचाळीस-चौसष्टांश असते. त्या मापाचे ड्रिल मिळविणे कठीण, म्हणून पैसे देण्यापूर्वी मोजपट्टी लावून पाहावे.